नोकरी करता करता प्रिस्क्रायबर व्हायचंय? यूकेतल्या मराठी फार्मासिस्टांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची साताऱ्याकडची, बी.फार्म पुण्यात झालं, आणि आता लेस्टरमध्ये एका जीपी सर्जरीत (म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात) फार्मासिस्ट म्हणून काम करते. प्रिस्क्रायबिंगच्या, म्हणजे फार्मासिस्टला औषध लिहायचा अधिकार देणाऱ्या कोर्सचे फॉर्म सुटायची वेळ आली की फोनवर मेसेजची रांग लागते, "ताई, एक मिनिट बोलू का?" आणि ते एक मिनिट पाऊण तासाचं होतं. तीच तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून काढतेय. हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचं आहे, नॉर्दर्न आयर्लंडचं रजिस्टर वेगळं असतं तेव्हा तिकडच्यांनी आपलं आपलं बघा.

आयपी आणि पीजी डिप्लोमा एकच का?

नाही. हा गोंधळ सगळ्यांचा होतो, माझाही झालेला. आयपी म्हणजे इंडिपेंडंट प्रिस्क्रायबिंग. जीपीएचसीने (फार्मासिस्टांचं रजिस्टर ठेवणारी इथली संस्था) मान्यता दिलेला छोटा कोर्स, साधारण सहा ते नऊ महिन्यांचा, त्यानंतर तुम्ही स्वतःच्या सहीने औषध लिहू शकता. पीजी डिप्लोमा म्हणजे क्लिनिकल फार्मसी किंवा फार्मसी प्रॅक्टिसचं पार्ट टाइम शिक्षण. ६० क्रेडिटला सर्टिफिकेट, १२० ला डिप्लोमा, १८० ला एमएस्सी, आणि नोकरी करत करत गेलात तर ढोबळमानाने वर्षाला एक पायरी चढते. बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये आयपीचं मॉड्यूल या एमएस्सीतच बसवता येतं, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं. डिप्लोमा केला म्हणून लिहायचा अधिकार मिळत नाही आणि आयपी केलं म्हणून डिप्लोमा मिळत नाही, एवढं डोक्यात ठेवा.

मी महाराष्ट्रात बी.फार्म केलंय, मेडिकलमध्ये चार वर्षं काम केलंय, डायरेक्ट आयपीला ॲडमिशन मिळेल का?

नाही मिळणार. आधी जीपीएचसीच्या रजिस्टरवर नाव पाहिजे. त्यासाठी ओएसपॅप नावाचा, बाहेर शिकलेल्या फार्मासिस्टांसाठीचा एक वर्षाचा कोर्स (सन्डरलँड, ब्रायटन, हर्टफर्डशायर वगैरे ठिकाणी आहे), मग ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, मग रजिस्ट्रेशनची परीक्षा, आणि एवढं सगळं झालं की तुम्ही इथले फार्मासिस्ट. एजंट लोक पुण्या-मुंबईत "प्रिस्क्रायबिंग विथ पीआर" असलं काहीतरी विकतात त्यांच्या नादी लागू नका, पैसे जातील.

भारतात फार्मासिस्टला लिहिता येतं का हेही बरेच जण विचारतात. नाही येत. २००८ पासून फार्म.डी. आहे, २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिसचे नियम आहेत, त्यात पेशंटला समजावून सांगणं, चिठ्ठी तपासणं हे सगळं आहे, पण औषध लिहिण्याचा अधिकार डॉक्टरचाच. काउंटरवर आपण काय काय देतो ते आपल्या सगळ्यांना माहितीय, त्याबद्दल इथं बोलत नाही.

दोन वर्षांचा अनुभव लागतोच ना?

लागायचा. २०२२ मध्ये ती अट काढून टाकली. आता रजिस्टर झाल्यापासून किती वर्षं झाली हे न मोजता तुमचा यूकेतला अनुभव ज्या विषयात लिहायचंय त्या विषयाला धरून आहे का हे बघतात. पण म्हणून रजिस्ट्रेशनच्या दुसऱ्या महिन्यात फॉर्म भरू नका. मी स्वतः तीन वर्षांनी केला आणि मला तोही लवकरच वाटला.

२०२६ पासून नवीन पोरं थेट प्रिस्क्रायबर होऊनच बाहेर पडणार म्हणे, मग आपण मागे पडणार का?

थेट प्रिस्क्रायबर होणार हे खरंय. २०२१ मध्ये शिक्षणाचे नवीन स्टँडर्ड आले त्यानुसार २०२५ च्या उन्हाळ्यात फाउंडेशन वर्ष सुरू केलेल्या बॅचपासून प्रिस्क्रायबिंग ट्रेनिंगमध्येच आहे, म्हणजे २०२६ पासून त्या बॅचमधून जे रजिस्टर होतील ते पहिल्या दिवसापासून लिहू शकतात. आपल्यासारख्या आधी रजिस्टर झालेल्यांना मात्र हा कोर्स वेगळा करावाच लागेल, कोणी आपोआप देणार नाही. घाबरू नका, पण पाच वर्षांनी करू असंही म्हणू नका. जाहिराती बघा, "आयपी असल्यास प्राधान्य" ऐवजी "आयपी आवश्यक" असं यायला लागलंय.

याची सुरुवात तशी जुनी आहे. २००३ मध्ये फार्मासिस्टला सप्लिमेंटरी प्रिस्क्रायबिंग मिळालं, म्हणजे डॉक्टरने प्लॅन ठरवायचा आणि त्या चौकटीत आपण लिहायचं. २००६ मध्ये इंडिपेंडंट आलं, २०१२ मध्ये कंट्रोल्ड ड्रग्जही लिहिता यायला लागली, फक्त व्यसनाच्या उपचारासाठी कोकेन, डायमॉर्फिन आणि डिपिपॅनोन सोडून. त्यामुळे सर्जरीत कोणी "हे काय नवीन" म्हणालं तर त्याला वर्षं सांगा.

डीपीपी कुठून आणायचा? सगळं त्यावरच अडलंय.

हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे त्याच्या मागे. डीपीपी म्हणजे डेझिग्नेटेड प्रिस्क्रायबिंग प्रॅक्टिशनर, तुमच्या ९० तासांच्या प्रत्यक्ष कामावर देखरेख करणारा आणि शेवटी "हा माणूस सुरक्षितपणे लिहू शकतो" म्हणून सही करणारा. आधी हा डॉक्टरच असावा लागायचा, २०१९ च्या नियमांनंतर अनुभवी फार्मासिस्ट प्रिस्क्रायबर किंवा नर्स प्रिस्क्रायबरही चालतो, पण तो स्वतः सध्या त्या विषयात लिहीत असला पाहिजे. आणि वर सांगितलेल्या नवीन बॅचच्या प्रत्येक ट्रेनीलाही आता डीपीपी लागतो, म्हणजे मागणी वाढली आणि माणसं तेवढीच.

माझं झालं ते सांगते. मी आधी फॉर्म भरला, मग डीपीपी शोधला. हीच चूक. तेव्हा मी कम्युनिटीत (म्हणजे गल्लीतल्या औषधाच्या दुकानात) होते, शेजारच्या सर्जरीतल्या एका जीपींनी तोंडी "येस, येस, नो प्रॉब्लेम" म्हटलं, मी खूश, आणि कागद सही करायची वेळ आली तेव्हा त्यांच्या मॅनेजरने विचारलं की या तासांचे आम्हाला पैसे कोण देणार. बरोबरच आहे त्यांचं, जीपीचा एक तास म्हणजे चार-पाच पेशंट. सीट गेली, सहा महिने वाया गेले. पुढच्या वेळी मी रिकाम्या हाताने गेले नाही, एका कागदावर लिहून नेलं की मी दर गुरुवारी येईन, तुमच्या हायपरटेन्शनच्या लिस्टमधले इतके रिव्ह्यू करून देईन, तुम्ही सगळा वेळ माझ्याजवळ बसायची गरज नाही, काही तास तुमची नर्स प्रिस्क्रायबर किंवा दुसरा फार्मासिस्टही माझ्यावर देखरेख करू शकतो, फक्त अंतिम सही तुमची. दहा मिनिटांत हो म्हणाले.

म्हणून क्रम असा: आधी डीपीपी, मग विषय, मग युनिव्हर्सिटी, मग फॉर्म. नवरा किंवा बायको प्रिस्क्रायबर असेल तर ते डीपीपी म्हणून चालत नाहीत, हे विचारणारे तिघंजण भेटलेत मला आतापर्यंत.

विषय कुठला घेऊ? सोपा कुठला?

सोपा असा नसतो, रोज दिसणारा असतो. कोर्सला स्कोप ऑफ प्रॅक्टिस, म्हणजे कुठल्या आजारात लिहिणार ते, ठरवून जावं लागतं, आणि बहुतेक लोक हायपरटेन्शन घेतात कारण पेशंट भरपूर आणि गाइडलाइन स्वच्छ. क्लिनिकमध्ये १४०/९० किंवा वर आलं की २४ तासांचं मशिन किंवा घरची रीडिंग, त्याची सरासरी १३५/८५ किंवा वर आली तर निदान, मग ५५ च्या आत असेल किंवा टाइप २ डायबिटीस असेल तर एसीई इनहिबिटर किंवा एआरबी, ५५ किंवा जास्त वय किंवा ब्लॅक आफ्रिकन अथवा आफ्रिकन-कॅरिबियन वंशाचा असेल आणि डायबिटीस नसेल तर अम्लोडिपिनसारखं. एवढं आपल्याला झोपेतही येतं. पण कोर्स एवढ्यावर नाही.

आपली सगळी सवय दुसऱ्याची चिठ्ठी तपासायची आहे. डोस बरोबर आहे का, इंटरॅक्शन आहे का, चूक सापडली की फोन. इथं तुमच्यासमोर कोरा कागद असतो आणि माणूस असतो. माझ्या मॉक परीक्षेत एका बाईंचं बीपी कंट्रोलमध्ये येत नव्हतं, मी हुशारीने दुसरी गोळी वाढवली, डोस बरोबर, मॉनिटरिंग बरोबर, सगळं बरोबर. ट्यूटर शांतपणे म्हणाली, तिला विचारलंस का ती अजून काय घेते? गुडघ्यासाठी ती तीन आठवडे दुकानातून आयबुप्रोफेन आणून खात होती, आणि त्यानेच बीपी चढत होतं. गोळी वाढवायची नव्हती, एक बंद करायची होती.

आणि नंतर प्रत्यक्षात तसंच घडलं, फक्त आपल्या पद्धतीने. आमच्याकडे एक मराठी आजी यायच्या, बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, इंडापामाइडला (त्यांच्या बीपीच्या गोळीला) दोष देऊन सगळे मोकळे. मी मराठीत विचारलं, "आजी, घरचं काही औषध घेता का?" तर म्हणाल्या औषध काही नाही बाई, खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा तेवढा, सकाळ-संध्याकाळ. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, हे आपण फार्माकोग्नोसीत शिकलोय, पण त्यांच्या डोक्यात काढा म्हणजे औषध नाहीच. "मेडिसिन घेता का" विचारलं असतं तर उत्तर जन्मात मिळालं नसतं. आपल्याला भाषा येते, स्वयंपाकघर माहितीय, याचा फायदा घ्या.

९० तास आणि २६ दिवस हे काय गणित आहे?

शिकण्याचे किमान २६ दिवस, यात लेक्चर, ऑनलाइन, स्वतःचा अभ्यास सगळं धरतात, आणि त्याशिवाय प्रत्यक्ष पेशंटसोबत देखरेखीखाली किमान ९० तास, म्हणजे साडेसात तासांचे १२ दिवस. रोजचं काउंटरचं काम ९० तासांत धरता येत नाही. फार्मसीत उभं राहून पाच जणांना कफ सिरप दिलं हा त्यातला तास नाही. प्रत्येक तासाची नोंद, काय पाहिलं, काय चुकलं, काय शिकलात. ती त्याच दिवशी लिहा. महिनाअखेरीस आठवून लिहायला बसलात तर सगळे पेशंट एकसारखे वाटतात, मी बसलेय, माहितीय.

फुल टाइम नोकरी, घरात लहान मूल, जमेल का?

जमतं पण फुकट जमत नाही. आठवड्याला साधारण आठ ते दहा तास धरा, असाइनमेंटच्या आठवड्यात जास्त. मी शनिवारचं लोकम (बदलीचं जादा काम) बंद केलं, पैशाला फटका बसला. नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की सहा महिने गुरुवारचा डबा आणि शाळा तुझी, आणि सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं की गणपतीला मोदक विकतचे येतील. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. मग स्वतःच उकडीची रेसिपी नवऱ्याला पाठवली.

स्टडी लीव्ह मिळेलच असं धरून चालू नका. मॅनेजरशी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेलवर लिहून घ्या, मॅनेजर बदलतात.

परीक्षा कशी असते? एकदा नापास झालं तर?

पोर्टफोलिओ, केस स्टडी, ओस्की (पेशंटशी बोलून द्यायची प्रात्यक्षिक परीक्षा) आणि बहुतेक ठिकाणी औषधांच्या गणिताचा पेपर. पोर्टफोलिओ आरपीएसच्या (रॉयल फार्मास्युटिकल सोसायटी) प्रिस्क्रायबर फ्रेमवर्कमधल्या दहा कॉम्पिटन्सींना जोडावा लागतो, सहा पेशंटच्या भेटीबद्दल, चार सुरक्षितपणे आणि नीट लिहिण्याबद्दल. नापास झालात तर सहसा पुन्हा संधी मिळते. पण एक गोष्ट नीट वाचा: पेशंटला इजा होईल असं उत्तर दिलंत किंवा गंभीर धोका ओळखलाच नाहीत, तर बाकी सगळ्यात ९० टक्के असले तरी तो कोर्स नापास. हे आपल्या मार्कांच्या सवयीत बसत नाही. दहावीपासून आपण एक प्रश्न सोडला तरी बाकीच्यातून भरून काढत आलोय, इथं ते चालत नाही.

ओस्कीत आपली मंडळी पडतात ती ज्ञानावर नाही. आपण पेशंटला बोलूच देत नाही. पहिल्या वीस सेकंदांत सल्ला सुरू. गप्प बसायचं, "यातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय खटकतंय?" असं विचारायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. ॲक्सेंटची काळजी करू नका, माझा अजून साताऱ्याचाच आहे.

युनिट्सचा फार घोळ होतो, काही युक्ती?

युक्ती नाही, घोकंपट्टी. भारतात क्रिएटिनिन मिलिग्राममध्ये, इथं मायक्रोमोलमध्ये, ८८.४ ने गुणा. साखर इथं मिलिमोलमध्ये, १८ ने गुणलं की आपली ओळखीची मिलिग्राम येते, म्हणजे १० म्हणजे १८०. एचबीएवनसी ४८ म्हणजे आपलं ६.५ टक्के, ५३ म्हणजे ७.

आणि किडनीचं गणित हाताने करत जा. ८२ वर्षांच्या बाई, वजन ५६ किलो, क्रिएटिनिन ९८: १४० मधून ८२ वजा, ५८, गुणिले ५६, गुणिले १.०४ (पुरुष असता तर १.२३), भागिले ९८, उत्तर साधारण ३४.५. आता त्यांना एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित) अपिक्साबॅन हे रक्त पातळ करणारं औषध द्यायचंय. बरेच जण ३४.५ बघून ५ मिलिग्राम दोनदा लिहितात कारण आकडा ३० च्या वर आहे. पण वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १३३ किंवा जास्त, या तिन्हीतल्या दोन गोष्टी असल्या की २.५ मिलिग्राम दोनदा. या बाईंमध्ये दोन आहेत. गणित बरोबर करून चिठ्ठी चुकीची लिहिता येते ती अशी.

फी कोण भरतं? व्हिसावर असलं तर चालतं का?

एनएचएसच्या फंडेड जागा असतात, इंग्लंडमध्ये एनएचएस इंग्लंडकडून, वेल्समध्ये एचईआयडब्ल्यू, स्कॉटलंडमध्ये एनईएस (या तिथल्या एनएचएसच्या शिक्षण-संस्था). त्या लवकर भरतात. नाहीतर एम्प्लॉयर, नाहीतर स्वतः. एम्प्लॉयरने भरली तर करारातली परतफेडीची ओळ वाचा, नोकरी सोडली तर किती आणि किती वर्षं.

स्किल्ड वर्कर व्हिसावर शिकायला बंदी नाही. पण अभ्यासासाठी नोकरीचे तास कमी केलेत आणि पगार व्हिसाच्या मर्यादेखाली गेला तर भलताच प्रॉब्लेम, त्यामुळे तास कमी करण्याआधी एचआरला विचारा. पूर्ण एमएस्सी करत असाल तर आयएलआर (कायम राहायची परवानगी) नसताना बहुतेकदा ओव्हरसीज फी लागते आणि तो आकडा बघून चहा थंड होतो. तेव्हा फीबद्दल युनिव्हर्सिटीकडून लेखी उत्तर घ्या.

फार्मसी फर्स्ट आहेच की, मग कम्युनिटीवाल्यांना आयपी कशाला?

फार्मसी फर्स्ट म्हणजे जीपीकडे न जाता फार्मसीतूनच उपचार मिळायची एनएचएसची योजना. इंग्लंडमध्ये ती ३१ जानेवारी २०२४ ला सुरू झाली, सात आजार, घसा, सायनस, मुलांचा कान, कीटक चावून झालेलं इन्फेक्शन, इम्पेटिगो, नागीण आणि बायकांचं साधं युरिन इन्फेक्शन. पण ते पीजीडीवर (आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेवर) चालतं, म्हणजे चौकट ठरलेली. युरिन इन्फेक्शनसाठी १६ ते ६४ वय, आता ६५ वर्षांच्या काकू आल्या तर पाठवा जीपीकडे. प्रिस्क्रायबर असाल तर विचार तुमचा आणि जबाबदारीही तुमची. अर्थात एनएचएसने तशी सर्व्हिस विकत घेतली असेल तरच. वेल्स आणि स्कॉटलंड यात पुढे आहेत, स्कॉटलंडमध्ये २०२० पासून फार्मसी फर्स्ट प्लस आहे, त्यात प्रिस्क्रायबर फार्मासिस्ट स्वतः लिहितात. इंग्लंडमध्ये पाथफाइंडर नावाच्या चाचणीच्या काही जागांवर सुरू झालं. माझं मत विचाराल तर इंग्लंडने उगाच उशीर केलाय.

पास झाले, उद्यापासून लिहू?

थांबा. जीपीएचसीकडे अर्ज करा, रजिस्टरवर तुमच्या नावापुढे प्रिस्क्रायबर अशी नोंद ऑनलाइन दिसली पाहिजे. त्याआधी एकही सही नाही. मग इन्शुरन्स कंपनीला कळवा, एम्प्लॉयरकडून एनएचएसचा प्रिस्क्रायबर म्हणून सेटअप करून घ्या, यात आठवडे जातात. आणि पहिले तीन महिने फक्त तुमच्या स्कोपमध्ये लिहा. रिसेप्शनवरून हळूच विचारतात, "तुला आता लिहिता येतं ना, एक अँटिबायोटिक टाक ना पटकन." नाही म्हणा. पुढे स्कोप वाढवता येतो, पण वाचून, कोणाच्या तरी हाताखाली बघून, नोंद ठेवून.

पगार वाढतो का?

थोडा, आणि आपोआप नाही. हॉस्पिटलमध्ये बँड ६ वरून ७ ला (बँड म्हणजे एनएचएसच्या पगाराच्या पायऱ्या) जाताना डिप्लोमा उपयोगी पडतो, ८ए ला आयपी बऱ्याचदा मागतात. जीपीत तुम्ही किती रिव्ह्यू स्वतः पूर्ण करू शकता हे दाखवून बोला. नुसतं सर्टिफिकेट दाखवलं तर अभिनंदन मिळतं.

ऑनलाइन कंपन्या वजनाच्या इंजेक्शनसाठी प्रिस्क्रायबर शोधतायत, घरबसल्या पैसे चांगले, करू का?

पास झाल्यावर पहिला ईमेल असलाच येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये जीपीएचसीने ऑनलाइन फार्मसीचे नियम कडक केले, नुसत्या प्रश्नावलीवर वजनाचं औषध लिहिणं चालत नाही, पेशंटने सांगितलेलं वजन वेगळ्या मार्गाने तपासावं लागतं. ते कंपनी कसं करते ते विचारा, उत्तर गोलगोल आलं तर सोडून द्या. रजिस्टरवर नाव तुमचं असतं, कंपनीचं नाही.

घरच्यांना लिहून देता येईल ना? मामा विचारतायत.

नाही. स्वतःला नाही, जवळच्यांना नाही, अगदीच आणीबाणी असल्याशिवाय. मामांना सांगा इथली चिठ्ठी सांगलीच्या मेडिकलमध्ये चालत नाही. माझे मामा तरी रिपोर्टचे फोटो पाठवतातच, रात्री अकराला, उलटे.